लाल गोळी

मागच्या शनिवारी कळंबला घरी होतो. ताईला पाचवा महिना. आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्या तशाच पडलेल्या. 'मळमळतं रे,' म्हणे. पाकिटावर वाचलं: लोह आणि फॉलिक ॲसिड. मंडळी, यातल्या फॉलिक ॲसिडची गोष्ट आपल्या मुंबईतली आहे!

१९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात रक्त कमी होऊन दगावत होत्या. तिला संशय आला जेवणाचा. तिने तसलाच निकस आहार उंदरांना दिला. त्यांचंही रक्त कमी झालं. पण उंदरांत बार्टोनेला नावाच्या जंतूची लागण व्हायची, आणि त्यानेही रक्त कमी होतं. खरं कारण कुठलं? आमच्या भाषेत, टेस्ट डेटाच खराब!

मग माकडं घेतली. निकस आहारावर त्यांना बायकांसारखाच आजार झाला आणि यीस्टपासून बनवलेल्या मार्माइटने तो हटला. बायकांवरचा मार्माइटचा गुण तिने १९३१ मध्येच छापला होता. त्यातला नेमका घटक, फॉलिक ॲसिड, १९४१ मध्ये पालकातून वेगळा काढला गेला.

हे सगळं ताईला सांगितलं. 'बिचारी माकडं,' म्हणाली, आणि गोळी घेतली.