मातीचे मावळे



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राजे, संत आणि साम्राज्ये यांविषयी आपण पुष्कळ ऐकता. आज आम्ही तीन इंच उंचीच्या एका शिपायाविषयी बोलणार आहोत. तो मातीचा आहे, पोकळ आहे, त्याच्या हातातला भाला बहुधा मोडलेला आहे, आणि दिवाळी सरली की तो माळ्यावरच्या डब्यात जाऊन पडतो. विषय पोरकट वाटेल. परंतु पन्हाळ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांनी तो पोरकट मानू नये, असे आमचे मत आहे. आणि ते का, हेच आज सांगावयाचे आहे.

दिवाळीचा किल्ला आपणांपैकी बहुतेकांनी केलेला असेल. वसुबारसेच्या आधी दोनचार दिवस अंगणात दगड-विटांचा ढीग रचावा, त्यावर भिजवलेली गोणपाटे पसरावीत, लाल मातीचा काला थापावा, आणि अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळीची वाट पाहावी. मग बाजारातून शिपाई आणावेत. आमच्या लहानपणी शिपायांची टोपली घेऊन कुंभार दारावर येत असे. सिंहासनावर बसलेले महाराज घासाघीस न करता घ्यावयाचे. भालदार, तुतारीवाला, घोडेस्वार आणि का कोण जाणे, एक वाघ, एवढी मंडळी पैशांच्या मानाने निवडावयाची. घरी आल्यावर हे सैन्य बुरुजाबुरुजांवर उभे केले की आमचे इतिहासाचे शिक्षण पुरे होई.

हा शिपाई जितका पोरवयाचा वाटतो तितका तो नाही. त्याचे कूळ शोधू गेले तर आपल्याला फार मागे जावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली ब्राँझच्या चार ओतीव प्रतिमा मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. रथावर एक माणूस उभा आहे. ही झाली महाराष्ट्रातली ओतकामाची फार जुनी साक्ष. आपल्या कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झाले. त्या टेकडीने आपल्याला ग्रीक समुद्रदेवता पोसायडन याची छोटीशी ब्राँझ मूर्ती दिली, आणि तिच्याबरोबर स्वार बसलेला एक ब्राँझचा हत्तीही दिला. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आपण गेलात तर त्या समुद्रदेवतेपाशी थांबता. त्या हत्तीपाशीही क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे.

याहूनही जवळचे नाते मातीच्या बाहुल्यांचे आहे. सातवाहनकाळी तेर, पैठण, भोकरदन आणि कोल्हापूर या ठिकाणी दुहेरी साच्यातून बाहुल्या काढीत. एक साचा पुढच्या अंगाचा, दुसरा पाठीचा. पांढरी मऊ माती दोन्हींत पातळ दाबावयाची, कडा ओल्या करून दोन्ही अर्धे जुळवावयाचे, सांधा बोटाने पुसावयाचा. आत पोकळी राहते, म्हणून वाफ निघून जाण्यास एक भोक ठेवावयाचे, आणि मग भाजावयाचे. दोन हजार वर्षांपूर्वीची ही रीत आणि आमच्या टोपलीवाल्या कुंभाराची रीत यांत फरक शोधूनही थोडाच सापडतो. धातूच्या मूर्तीसाठी मेणाचा नमुना करून त्यावर माती लिंपावी, मेण वितळवून काढावे व त्या पोकळीत रस ओतावा, ही विद्या चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त बाराव्या शतकात नोंदलेली आहे. त्याच शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज पन्हाळ्यावरून राज्य करीत होता. आपल्या देवघरातले टाक आणि घोड्यावरचा पितळी खंडोबा ही त्याच घराण्यातली मंडळी होत. शस्त्रधारी माणसाची लहान प्रतिमा करून ती घरात ठेवणे आपल्याला परके कधीच नव्हते.

आता प्रत्यक्ष हाताच्या कामाकडे वळू. आम्ही काही वर्षांपूर्वी विकतचे शिपाई बंद केले आणि घरातल्या मुलांना घेऊन स्वतः करू लागलो. प्रथम शाडूचा एक नमुना घडवावा. त्याला तेलाचा हात लावून अर्धा मातीत निजवावा, भोवती पुठ्ठ्याची चौकट करावी आणि वरून प्लास्टरचा काला ओतावा. तो घट्ट झाला की उलटा करून दुसरी बाजू तशीच ओतावी. मात्र दोन्ही अर्धे पुन्हा नेमके जुळावेत म्हणून कडेला दोन खळगे आधीच कोरून ठेवावेत. हे खळगे आम्ही पहिल्या खेपेस विसरलो, आणि आमच्या पहिल्या तुकडीतील प्रत्येक शिपायाचे नाक एका बाजूस व पाठ दुसऱ्या बाजूस गेली. साचा सुतळीने बांधून माती दाबली म्हणजे शिपाई तयार होतो. तो सावलीत वाळवावा; उन्हात ठेवल्यास गुडघ्याशी तडकतो. काही हौशी लोक शिसे व कथील वितळवून ओततात. शिसे ३२७ अंशांवर वितळते, कथील २३२ अंशांवर. चुलीवर ते सहज होते, आणि म्हणूनच ते भयंकर आहे. शिशाचा धूर व धूळ दोन्ही विषारी. मुलांच्या हाती ते काम देऊ नये.

एका साच्यातून शंभर शिपाई निघतात, पण ते शंभर एकसारखे निघतात. खरी गंमत येथून पुढे आहे. माती अर्धवट वाळली असता तिला चाकू मानवतो. त्या वेळी दोऱ्याने मान कापून डोके किंचित वळवावे, हात कोपरापाशी तोडून उचलावा, पागोटे काढून मुंडासे बांधावे. भालदाराचा भाला काढून त्याच्या खांद्यावर बांबूची काडी टेकवली की तो पालखीचा भोई होतो. घोड्यावरून पडलेला स्वार जमिनीवर बसवून जखमी करता येतो. मग खडूची पूड व डिंक यांचा पांढरा हात द्यावा. त्यावर गेरू, पिवडी, नीळ आणि काजळी एवढ्या चार रंगांत अख्खी फौज रंगते. गडद रंग आधी, उजळ मागाहून, आणि डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी. गणपती रंगवणारा कारागीरही डोळे अखेरीस उघडतो. डोळे उघडले की मातीचा गोळा आपल्याकडे पाहू लागतो, आणि पाहू लागला की त्याला विचारावे लागते: बाबा रे, तू कोण?

युरोपातही हा छोटा शिपाई जन्मला, परंतु त्याचे पुढे निराळे झाले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी कथलाचे चपटे शिपाई ओतले. १८९३ मध्ये इंग्लंडात विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ शिशाचे शिपाई काढून ते स्वस्त केले. दरम्यान प्रशियात राइसविट्झ नावाच्या पितापुत्रांनी युद्धाचा पटच मांडला. बापाने १८१२ मध्ये राजासाठी मेज तयार केले, मुलाने १८२४ मध्ये नियम छापले; फाशांनी फळ ठरवावयाचे आणि पंचाने निवाडा द्यावयाचा. अधिकारी त्यावर युद्धशास्त्र शिकू लागले. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या लेखकाने 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून तोच खेळ घरच्या जमिनीवर आणला, आणि खऱ्या युद्धापेक्षा हे लुटुपुटीचे युद्ध किती बरे, असे सुचवले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले!

तिकडे शिपाई खेळू लागला. आपल्याकडे तो उभाच राहिला. वस्तुतः चतुरंग हा युद्धाचा पट आपलाच. हत्ती, घोडा, उंट आणि प्यादे आपण आजही चालवतो. परंतु दिवाळीच्या किल्ल्यावर कोणी चाल करीत नाही. तेथे मावळे दर्शनासाठी मांडलेले असतात. थोडा हिशेब करून पाहा. साडेपाच फुटी माणूस तीन इंचांचा केला, म्हणजे बाविसावा हिस्सा. पन्हाळ्याची तटबंदी सात किलोमीटरांहून अधिक आहे. त्याच मापाने अंगणातला तट तीनशे मीटरांहून लांब हवा. तेवढे अंगण कोणाचे? म्हणून आपला गड मावळ्याच्या कमरेइतका होतो, आणि महाराज बुरुजाहून उंच होतात. जुन्या वीरगळांवरही असेच आहे: वीर मोठा, शत्रू लहान. ही श्रद्धेची मापे आहेत. त्यांत वाईट काही नाही. परंतु त्यांनी इतिहास मोजू नये.

कारण पन्हाळ्याचा इतिहास या मापात मावत नाही. नोव्हेंबर १६५९ मध्ये, अफजलखानाच्या वधानंतर अठरा दिवसांत, हा गड महाराजांनी घेतला. पुढील मार्चमध्ये सिद्दी जौहरने त्याला वेढा दिला, आणि तो वेढा पावसाळ्यातही उठला नाही. राजापूरच्या इंग्रजांनी तोफा आणून सिद्दीला मदत केली. जुलै १६६० च्या एका रात्री महाराज निसटले. परंपरा सांगते की दुसऱ्या पालखीत नेबापूरचा शिवा काशीद बसला होता, जातीने न्हावी, चेहऱ्याने महाराजांसारखा. तो पकडला गेला आणि मारला गेला. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे लोक पडले. महाराज विशाळगडावर पोहोचले. आणि पन्हाळा? तो त्याच वर्षी सिद्दीच्या हवाली करावा लागला. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी तो परत घेतला. जयराम पिंडे याने त्यावर संस्कृत काव्यच रचले.

आता ही रात्र किल्ल्यावर मांडावयाची म्हटली तर टोपलीतले शिपाई पुरतात काय? सिंहासनावरचे महाराज येथे उपयोगाचे नाहीत; त्या रात्री सिंहासन नव्हते, चिखल होता. भोई हवेत, ते टोपलीत नाहीत. सिद्दीचे लोक हवेत, तेही नाहीत; आमच्या किल्ल्यांवर शत्रूच नसतो. आणि शिवा काशीद? त्याचा साचा आम्हांला बाजारात कधी मिळाला नाही. गेल्या दिवाळीत आमच्या घरातल्या मुलाने तो केला. महाराजांचाच साचा घेतला, तशीच दाढी, तसाच जिरेटोप. रंगवताना तो अडला. "आजोबा, दोघे सारखेच दिसले तर ओळखायचे कसे?" आम्ही म्हणालो, "ओळखू येऊ नये, म्हणून तर तो गेला." मुलगा बराच वेळ कुंचला हातात धरून बसला. मग त्याने दोघांचेही डोळे सारखेच रंगवले.

त्या दिवशी आम्ही पाटावर डाव मांडला. एका फाशाने पाऊस, दुसऱ्याने पहाऱ्याची जाग ठरवली. पहिल्या डावात महाराज पकडले गेले. घरात क्षणभर कोणी बोलले नाही. हरण्याची शक्यता खरी आहे, हे कळल्यावाचून शिवा काशीदाच्या मरणाची किंमत कळत नाही, आणि विजयच मांडणारा किल्ला ती कधी कळू देत नाही. आमच्या मते स्वतः शिपाई करण्याचा खरा लाभ हाच. विकतचा मावळा आपल्याला उत्तर देतो. हाताने केलेला मावळा प्रश्न विचारतो.

गडाची दुसरी एक कथाही अशीच साच्याबाहेर राहते. १८४४ साली गडकऱ्यांनी, म्हणजे पिढ्यान्पिढ्या गडांची राखण करणाऱ्या सामान्य शिबंदीने, इंग्रजांविरुद्ध बंड केले. कर्नल ओव्हन्स याला त्यांनी पन्हाळ्यावर कैदेत ठेवले होते. १ डिसेंबर रोजी इंग्रजांनी गड घेतला आणि चार दरवाजा पाडून टाकला. तीन दरवाजा आपण पाहतो, त्याची छायाचित्रे काढतो. चार दरवाजा मात्र आता मातीचाच करावा लागेल, आणि त्यावरचे गडकरीही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले. त्यांत पन्हाळा आहे. आनंदाची गोष्ट आहे. परंतु दगडाचा वारसा सरकारने जपला तरी माणसांचा वारसा घरोघर जपावा लागतो. आज बाजारात एका साच्याचे चकचकीत शिपाई ढिगाने मिळतात आणि मुलांना वेळ नसतो, हे आम्ही जाणतो. म्हणून मागणे थोडकेच आहे. येत्या दिवाळीत विकतची फौज आणा हवी तर; पण एक शिपाई, फक्त एकच, घरच्या मातीचा करा. तो भोई असो, गडकरी असो, सिद्दीचा पहारेकरी असो. त्याचे डोळे शेवटी रंगवा, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुलांबरोबर शोधा. सापडले नाही, तर एक दिवस त्याला खिशात घालून पन्हाळ्यावर या. नेबापूर वाटेवरच आहे.