तणावर बुरशीची मात्रा

नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय भागांत भिवापूर हें तालुक्याचें गांव आहे. त्याची कीर्ति मिरचीमुळें झाली. हंगामांत तेथील सातऱ्यांवर लाल मिरची उन्हांत पसरलेली असते आणि बायकांचे हात दिवसभर देंठ खुडण्यांत गुंतलेले असतात. २०१६-१७ सालीं या मिरचीस भौगोलिक मानांकनहि मिळालें. शहरांतील घरोघरच्या तिखटाच्या डब्यांत येऊन पडणाऱ्या या जिनसामागें किती निंदणें झालेलीं असतात, याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी करतो. रोप कोवळें असतां भोंवतालचें तण वेळीं न निघाल्यास पाणी, खत आणि ऊन या तिहींत तें वाटेकरी होतें. म्हणून डवरा फिरतो, खुरपें चालतें आणि मजुरीचा आंकडा वाढत जातो.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंड व अमेरिका येथील प्रयोगशाळांत २,४-डी हें तणनाशक जन्मास आलें. त्यानंतरच्या कांहीं दशकांत रासायनिक तणनाशकांनीं जगांतील शेतीचें रूप पालटलें. परंतु ज्या औषधानें तणें मरतात, त्यालाच दाद न देणारीं तणें पुढें निपजतात, हा अनुभवहि लवकरच आला. लक्षावधि रोपांत एखादें रोप जन्मतःच चिवट असतें. बाकीचीं मरतात, तें उरतें आणि त्याचेंच बीं पुढें शेतभर होतें. तेव्हां निसर्गांत तणांचे जे शत्रु आधींच आहेत त्यांना कामास लावतां येईल काय, असा प्रश्न शास्त्रज्ञांपुढें उभा राहिला. या शत्रूंत बुरशीचें स्थान फार वरचें आहे.

भिवापूरच्या शेतकऱ्यास बुरशी मित्र वाटावी, असें कांहीं तिचें वर्तन नाहीं. मिरचीच्या फांद्या शेंड्याकडून वाळत येणें आणि पिकलेल्या फळांवर काळे, खोलगट डाग पडून तीं कुजणें, हा रोग कोलेटोट्रायकम या बुरशीमुळें होतो. मद्रास इलाख्यांतील कोइमतूर येथील मिरचीवर ही बुरशी सिडो या जर्मन शास्त्रज्ञानें १९१३ सालीं नोंदली. नागपूरच्या संत्र्याची कथाहि अशीच आहे. झाडाच्या बुंध्यांतून डिंक पाझरून बागच्या बाग खंगविणारा डिंक्या रोग फायटॉप्थोरा या सूक्ष्म जीवाचें काम होय. आजचे शास्त्रज्ञ त्यास खऱ्या बुरशींत मोजीत नाहींत. पण त्याची राहणी बुरशीसारखी असल्यामुळें तणनाशकांच्या इतिहासांत तो बुरशीच्याच पंक्तीस बसतो.

नवलाची गोष्ट अशी कीं, शेतीच्या नामांकित बुरशीजन्य तणनाशकांपैकीं तीन याच दोन घराण्यांतून आलीं.

पहिलें चीनमधील. अमरवेल ही मूळ व पानें नसलेली पिवळी वेल दुसऱ्या झाडास वेढून त्याचा रस शोषते. मिरचीवरहि ती चढते. शांतुंग प्रांतांत तिनें सोयाबीनची शेतें ग्रासलीं, तेव्हां तेथील संशोधकांनीं रोगट अमरवेलीवरून कोलेटोट्रायकमचा एक प्रकार वेगळा केला, तो वाढविला आणि १९६३ पासून शेतांत फवारण्यास दिला. त्याचें नांव लू-बाओ. ‘लू’ हें शांतुंगचें जुनें नांव आणि ‘बाओ’ म्हणजे रक्षण. पुढें वारंवार कृत्रिम वाढ केल्यामुळें बुरशीचा जोर ओसरला आणि अधिक प्रखर वाण निवडावा लागला. जिवंत औषध बियाण्याप्रमाणेंच सांभाळावें लागतें, हा धडा त्यांतून मिळाला.

दुसरें अमेरिकेच्या अर्कान्सॉ राज्यांतील. तेथें भाताच्या खाचरांत शेंगवर्गीय तण माजे आणि त्याचें काळें बीं तांदळांत मिसळून मालाचा भाव उतरे. १९६९ सालीं या तणावरच कोलेटोट्रायकमचा एक प्रकार आढळला. जॉर्ज टेंपलटन आणि त्यांचे सहकारी यांच्या परिश्रमांनीं त्याचें ‘कॉलेगो’ हें औषध बनलें व १९८२ सालीं त्यास सरकारी नोंदणी मिळाली. वाळवलेले बीजाणू साखरेच्या पाण्यांत भिजवून जागे करावयाचे आणि मग फवारावयाचे, अशी त्याची रीति होती. बीजाणू तणाच्या खोडावर रुजतो, आंत शिरतो, खोडास व्रण पडतात आणि रोप उन्मळतें. भाताच्या रोपास त्याचा उपद्रव होत नाहीं.

तिसरें फ्लॉरिडामधील. तेथील संत्र्यामोसंब्यांच्या बागांना गुंडाळणाऱ्या एका वेलीवर फायटॉप्थोराच्या एका जातीचें ‘डिव्हाइन’ हें औषध १९८१ सालीं निघालें. ज्या घराण्यानें नागपूरची बाग खंगविली, त्यांतलाच एक वंशज तेथें बागेचा पहारेकरी झाला! पण त्याची जपणूक कठीण होती. तें थंड पेटींत ठेवावें लागे आणि कांहीं आठवड्यांतच निकामी होई. शिवाय एकदां टाकलें कीं तें जमिनींत टिकून वर्षानुवर्षें काम करी. शेतकऱ्यास हा लाभच. पण गिऱ्हाईक पुन्हा येत नसे, म्हणून विकणाऱ्यास मात्र तोटा. या औषधाच्या मार्गांत त्याचा गुणच आडवा आला.

या तिन्ही कथांचें मर्म एकच आहे. कोलेटोट्रायकम हें एका बुरशीचें नांव नसून एका मोठ्या कुळाचें आहे. त्यांतील एक शाखा मिरचीवर जगते, दुसरी अमरवेलीवर, तिसरी भातांतल्या तणावर. बुरशीची ही निवड जितकी काटेकोर, तितकी पिकाची सुरक्षितता अधिक. आणि तितकीच औषधाची व्याप्ति कमी. ऑस्ट्रेलियांत याचा प्रत्यय आला. तेथील गव्हाच्या शेतांत माजलेल्या काँड्रिला नांवाच्या तणावर १९७१ सालीं इटलींतून आणलेला तांबेरा सोडण्यात आला. त्या तणाचे तीन प्रकार होते. अरुंद पानाचा प्रकार तांबेऱ्यानें झपाट्यानें हटला. पण मोकळी झालेली जागा उरलेल्या दोन प्रकारांनीं बळकावण्यास आरंभ केला.

भारतांतहि असा प्रयत्न झाला आहे. मिकॅनिया या परदेशी वेलीनें आसाम व केरळ येथील मळे आणि जंगलें व्यापलीं, तेव्हां त्रिनिदाद बेटांतील तांबेरा आणून, विलग ठेवून, इतर पुष्कळ वनस्पतींवर त्याची परीक्षा घेऊन, मग तो २००५ सालीं आसामांत व २००६ सालीं केरळांत सोडण्यात आला. या भूमींत त्यानें मूळ धरलें नाहीं. पापुआ न्यू गिनी व फिजी येथें मात्र तोच तांबेरा स्थिरावला. हवा, पाऊस व तणाचा स्थानिक वाण यांच्याशीं जुळल्यावांचून बुरशीचें राज्य बसत नाहीं.

जिवंत बुरशीऐवजीं तिचें विषच घ्यावें, हा दुसरा मार्ग. २०१८ सालीं लॉस एंजल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनीं अ‍ॅस्पर्जिलस टेरियस या बुरशींतील अस्पटेरिक आम्ल तणनाशक असल्याचें दाखविलें. वनस्पतींना आवश्यक अशीं तीन अमिनो आम्लें ज्या क्रियेनें बनतात तीच क्रिया हें आम्ल थांबवितें. प्राण्यांत ती क्रियाच नसते. शोधाची वाटहि मनोरंजक आहे. स्वतःच्या विषानें स्वतः मरूं नये म्हणून बुरशी विषाच्या जनुकांशेजारींच त्या क्रियेच्या जनुकाची एक अबाधित प्रत बाळगते. संशोधकांनीं आधीं ही ढाल हुडकली आणि तिच्या खुणेनें तलवार शोधून काढली. तत्पूर्वीं तीन दशकांहून अधिक काळ सर्वस्वीं नव्या तऱ्हेनें मारणारें तणनाशक बाजारांत आलेलें नव्हतें, हें ध्यानांत घेतां या शोधाचें मोल कळतें.

भिवापूरच्या शेतकऱ्यास या इतिहासांतून तयार बाटली मिळत नाहीं, शहाणपण मिळतें. परदेशांत एका तणावर चाललेली बुरशी येथें आणून मिरचीच्या ओळींत फवारणें साहसाचें होईल, कारण तिचे भाऊबंद याच मिरचीचे वैरी आहेत. उलट, बांधावर एखादें तण डाग पडून आपोआप वाळत असेल, तर त्यास केवळ कचरा न मानतां कृषि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेपर्यंत पोंचविणें हें खरें पहिलें पाऊल होय. चीन व अर्कान्सॉ येथील दोन्ही शोधांचा आरंभ अशाच एका रोगट रोपाकडे कोणीतरी थांबून पाहिल्यामुळें झाला. तोंपर्यंत खुरपें धरणाऱ्या हातांना पर्याय नाहीं. आणि तिखटाचा डबा उघडतांना त्या हातांची आठवण ठेवणें, एवढें तरी शहरांतील घरांना सहज करतां येण्याजोगें आहे.