देवगिरी, शालिवाहन आणि बायबल

कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने ‘एशियाटिक रिसर्चेस’चा पहिला खंड १७८८ मध्ये काढला. त्यात फ्रान्सिस विल्फर्ड यांचा ‘तगर’ या प्राचीन नगरावर एक लेख होता. विल्फर्ड मूळचे हानोव्हरचे. १७८१ मध्ये ते हिंदुस्थानात आले, ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अभियंता झाले आणि पुढे बनारसला स्थायिक झाले. ग्रीक लेखकांनी वर्णिलेले तगर म्हणजे देवगिरी, म्हणजेच दौलताबाद, असे त्यांचे मत होते. तगर आणि देवगिर ही नावे कानाला जवळची वाटतात, शिवाय वेरूळची लेणी शेजारीच. त्यामुळे हे मत पुढे बराच काळ टिकले.

पुराव्याला मात्र ते उतरत नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. दौलताबाद पैठणच्या उत्तरेला आहे आणि अंतरही दोन-तीन मुक्कामांचेच. देवगिरीला राजधानीचे महत्त्व आले ते बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, यादव भिल्लमाच्या काळात. ‘दौलताबाद’ हे नाव तर १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी तेथे हलवली तेव्हाचे. तगरसाठी ग्रँट डफ यांनी बीडचा परिसर सुचवला, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर, तर रा. गो. भांडारकरांनी धारूर. अखेर १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, असे दाखवले. तेरच्या पांढरीतून निघालेल्या सातवाहनकालीन मृण्मूर्ती, मणी आणि रोमन व्यापाराच्या खुणांनी ते पक्के केले.

नगराच्या बाबतीतली चूक जमीन खणून सुधारता आली. विल्फर्ड यांनी नावांचे ध्वनिसाम्य पाहण्याची हीच रीत धर्मग्रंथांना लावली, तेव्हा प्रकरण अधिक बिकट झाले. त्या काळच्या युरोपीय विद्वानांपुढे एक मोठा प्रश्न होता. बायबलमधील जलप्रलय आणि नोहाच्या तीन मुलांपासून झालेला मानववंश ही हकिगत खरी असेल, तर तिच्या खुणा हिंदूंच्या ग्रंथांतही सापडायला हव्यात. विल्फर्ड यांना त्या ‘सापडल्या’. पद्मपुराणातील म्हणून त्यांनी दिलेल्या एका उताऱ्यात सत्यवर्मन राजाचे तीन पुत्र होते: शर्म, चर्म आणि ज्यापती. नोहाच्या शेम, हाम आणि याफेथ या मुलांच्या नावांशी ही नावे हुबेहूब जुळत होती. सर विल्यम जोन्स यांच्यासारख्या सावध पंडितानेही १७९२ च्या तिसऱ्या खंडात त्या उताऱ्याला जागा दिली.

नावे जुळत होती, कारण ती जुळावीत म्हणूनच घातली होती. विल्फर्ड यांच्या पदरी असलेल्या पंडिताने साहेबाला काय हवे ते ओळखले आणि पोथ्यांत फेरफार करून, नवे श्लोक रचून ते पुरवले. फसवणूक उघडकीस आल्यावर विल्फर्ड यांनी १८०५ च्या आठव्या खंडात ती जाहीरपणे मान्य केली. ही गोष्ट एका लबाड पंडितावर ढकलून संपत नाही. उत्तर आधी ठरवून मग शब्द शोधणाऱ्याला ते शब्द कोणी ना कोणी आणून देतोच. पंडित नसेल तर शोधणाऱ्याचा स्वतःचा कान ते काम करतो.

एवढे होऊनही विल्फर्ड यांची पद्धत बदलली नाही. १८०७ आणि १८०८ मध्ये निघालेल्या नवव्या व दहाव्या खंडांत त्यांनी पैठणच्या शालिवाहनाकडे मोर्चा वळवला. पैठणच्या कथेत एका ब्राह्मण स्त्रीला नागापासून मूल होते, ते कुंभाराच्या घरी वाढते, मातीचे हत्ती-घोडे आणि सैनिक करून खेळते आणि पुढे तेच सैन्य जिवंत होऊन विक्रम राजाचा पराभव करते. ख्रिस्ती परंपरेतही, बायबलबाहेर राहिलेल्या बालपणाच्या शुभवर्तमानांत, बाळ येशू मातीच्या चिमण्या करून उडवतो. विल्फर्ड यांनी या दोन्ही कथा एक मानल्या. ‘तक्षक’ म्हणजे नाग आणि ‘तक्षक’ म्हणजे सुतारही, म्हणून शालिवाहनाचा पिता म्हणजे सुतार योसेफ, असा शब्दाचा पूल त्यांनी बांधला. त्याला आकड्यांचा टेकू मिळाला. कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ मधला मानतात. त्यामुळे कलीची ३१०१ वर्षे सरण्याचा काळ ख्रिस्तजन्माच्या काळाशी येऊन भिडतो.

या मांडणीतील प्रत्येक दुवा तपासला की निसटतो. शालिवाहन शकाचा आरंभ इ.स. ७८ चा, म्हणजे कलीची ३१७९ वर्षे सरल्यानंतरचा. ३१०१ शी त्याचा मेळ बसत नाही. त्या कालगणनेला जुन्या लेखांत नुसते ‘शक’ म्हणत, शालिवाहनाचे नाव तिला मध्ययुगात जोडले गेले. पैठणची कथा सविस्तर लिहिलेली आढळते ती जैन आचार्य जिनप्रभसूरी यांच्या ‘विविधतीर्थकल्प’ या चौदाव्या शतकातील ग्रंथात. तुघलकाच्या दरबारी मान मिळालेले हे आचार्य काही काळ दौलताबादेतही राहिले होते. तेराशे वर्षांनी लिहिलेल्या कथेवरून पहिल्या शतकातील घटना सिद्ध होत नाही. शालिवाहनाच्या कथेमागचे सातवाहन राजे तर शिलालेख आणि नाणी मागे ठेवून गेले आहेत आणि त्यांत ख्रिस्ताचा मागमूस नाही.

ध्वनिसाम्याचा मोह परकीयांपुरता नव्हता. भांडारकरांसारख्या काटेकोर संशोधकानेही १९१३ च्या वैष्णव आणि शैव पंथांवरील ग्रंथात असे सुचवले, की बालदेवाची, म्हणजे बालकृष्णाची, उपासना आभीर जमातीने बाहेरून आणली असावी आणि तिच्याबरोबर कदाचित ‘ख्राइस्ट’ हे नावही. गोव्यात आणि बंगालात कृष्णाचा उच्चार ‘कुष्टो’, ‘क्रिस्टो’ असा होतो, हा त्यांचा आधार. आभीर राजा ईश्वरसेन याचा शिलालेख नाशिकच्या लेण्यांत आहे, म्हणून आभीरांचे राज्य ही ऐतिहासिक गोष्ट ठरते. ते ख्रिस्ती प्रदेशातून आले, याला मात्र असा लेख नाही. शिवाय अर्वाचीन बोलींतला उच्चार तिसऱ्या-चौथ्या शतकाचा साक्षीदार होऊ शकत नाही.

भांडारकरांच्या गौरवार्थ १९१७ मध्ये निघालेल्या ग्रंथात लोकमान्य टिळकांनी वैदिक आणि खाल्डियन परंपरांची तुलना केली. त्यात बायबलमधील ‘यहोवा’चे नाते ऋग्वेदातील ‘यह्व’शी जोडले. दोन-तीन व्यंजनांचे शब्द कोणत्याही दोन भाषांत योगायोगानेही जुळतात आणि हिब्रू परंपरा त्या नावाचा संबंध ‘असणे’ या क्रियापदाशी लावते. बाबाराव सावरकरांच्या १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपरिचय’ने ख्रिस्ताला हिंदू ठरवले. पु. ना. ओक यांनी ख्रिस्ती धर्म म्हणजे ‘कृष्णनीती’ आणि व्हॅटिकन म्हणजे ‘वाटिका’ असे सांगितले. ‘ख्रिस्त’ हे मुळात नाव नाही. ‘अभिषिक्त’ या अर्थाच्या हिब्रू पदवीचे ते ग्रीक भाषांतर आहे. व्हॅटिकन हे रोममधल्या टेकडीचे नाव ख्रिस्ती धर्माच्या आधीपासूनचे आहे. विल्फर्ड यांना हिंदू ग्रंथांत बायबल दिसले, ओकांना बायबलमध्ये हिंदू ग्रंथ. दिशा उलट, रीत एकच.

आकड्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण काही ठिकाणी बायबलच्या लेखकांनी स्वतःच आकडे योजले आहेत. हिब्रू आणि ग्रीक लिपींत अक्षरांनाच अंकमूल्य असे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी येशूची वंशावळ चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन गटांत मांडली आहे. ‘दावीद’ या नावाच्या हिब्रू अक्षरांची बेरीजही चौदा होते, म्हणून हा योग हेतुपूर्वक असावा असे अनेक अभ्यासक मानतात. ‘प्रकटीकरण’ या पुस्तकात वाचकाला ६६६ हा आकडा मोजायलाच सांगितला आहे. ‘नीरो कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिले की तेवढी बेरीज येते. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे आणि नीरोचे नाव लॅटिन वळणाने लिहिले तर तीच बेरीज पडते. महाराष्ट्रालाही ही रीत परकी नाही. शिलालेखांत आणि पोथ्यांत चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार असे शब्द योजून वर्ष सांगत. फार्सी शिलालेखांत अबजद पद्धतीने एखाद्या वाक्याच्या अक्षरांतून तारीख काढत. या सर्व ठिकाणी संकेत लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही ठाऊक होता.

गफलत होते ती लेखकाने न घातलेला हिशेब वाचक घालतो तेव्हा. ६६६ मध्ये नंतरच्या वाचकांनी पोप, ल्यूथर आणि नेपोलियन यांची नावे बसवून दाखवली आहेत. लिपी, स्पेलिंग आणि पदव्या निवडायची मोकळीक असली की कोणत्याही नावाची बेरीज हवी तेथे आणता येते. म्हणून अशा बेरजेने काहीच सिद्ध होत नाही.

शब्दांच्या बाबतीत हा दोष जेम्स बार यांनी १९६१ मध्ये बायबलच्या भाषेवरील ग्रंथात नेमका मांडला. शब्दाची व्युत्पत्ती त्याचा इतिहास सांगते, वाक्यातला अर्थ सांगतोच असे नाही. ख्रिस्ती मंडळीसाठी वापरलेला ग्रीक ‘एक्लेसिया’ हा शब्द ‘बाहेर बोलावणे’ या धातूपासून आला. त्यावर ‘जगातून बाहेर काढलेले लोक’ अशी प्रवचने झाली, पण त्या काळच्या ग्रीकांना तो शब्द ‘सभा’ एवढेच सांगत होता.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात बसून केलेले काम या चर्चेत लक्षात घेण्याजोगे आहे. संस्कृतवर प्रभुत्व असूनही बायबल मराठीत आणताना त्यांनी शब्दांचे धागे संस्कृतात शोधले नाहीत. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतील शब्द तेथल्याच वाक्यांत कसा वापरला आहे ते पाहून भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले.

ध्वनिसाम्य किंवा जुळलेली बेरीज ही शोधाची सुरुवात असू शकते, निष्कर्ष नव्हे. मूळ पाठ कोणता, तो केव्हाचा, शब्द त्या काळी कशासाठी वापरत आणि दोन परंपरांचा संबंध आल्याचा स्वतंत्र पुरावा आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत देवगिरीला तगर म्हणू नये आणि शालिवाहनाला ख्रिस्तही.