डोळ्याच्या खोबणींतील गांठ

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत डोळ्याचे ७६ रोग सांगितले आहेत. त्यांतील पापणीच्या रोगांत ‘अर्बुद’ म्हणजे गांठ येते. पण पापणीवरची गांठ बोटास लागते. डोळ्यामागें, खोबणींत वाढणारी गांठ ओळखावी कशी?

तंजावरचे दुसरे सरफोजीराजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांना नेत्रविद्येचा मोठा नाद. त्यांच्या वेळचीं नेत्ररोग्यांचीं टिपणें सरस्वती महाल ग्रंथालयांत अद्याप आहेत. सोबत रोगट डोळ्यांचीं हातानें रंगविलेलीं चित्रेंही आहेत. मराठी राजानें हें करवून ठेविलें, याचा मला अभिमान वाटतो. पण चितारी बिचारा वरून दिसेल तेंच काढणार!

म्हणून बाहेरूनच आंतलें ताडण्याची युक्ति निघाली. खोबण ही सात हाडांची, पुढें तेवढी उघडी अशी गुहा. आंत गांठ वाढली कीं डोळ्यास पुढें सरकावेंच लागतें. ती बरोबर मागें असेल तर डोळा सरळ पुढें येतो. वर, बाहेरच्या अंगास अश्रुपिंडांत असेल तर तो खालीं व नाकाकडे ढकलला जातो. १८९५ सालीं राँटगेननें क्ष-किरण शोधले, परंतु त्यांत हाडें दिसत, मऊ गांठ दिसेना. १९७१ सालीं लंडनमध्यें हाउन्सफील्डच्या सीटी यंत्रानें पहिल्या रोग्याचा मेंदू पाहिला, आणि मग ही नजर खोबणींतही पोंचली.

तरी शेवटचा निवाडा सूक्ष्मदर्शकाचा. गांठीचा तुकडा काढून पाहावा लागतो. अश्रुपिंडाच्या एका सौम्य गांठीचा मात्र तुकडाही काढूं नये; ती वेष्टनासह सबंध काढावी, नाहीं तर पुन्हा उद्भवते.

१९९१ सालीं माझ्या वर्गांतील एका मुलाचा डोळा पंधरा दिवसांत पुढें आला. चेंडू लागला असेल, असें मीं म्हटलें व एक आठवडा फुकट घालविला. मुलांत इतक्या झपाट्यानें वाढणारी गांठ ‘ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा’ असूं शकते, हें मला ठाऊक नव्हतें. रत्नागिरीस तेव्हां रेल्वे नव्हती. बापानें त्याला एस्. टी.नें रात्रभर मांडीवर घेऊन परळचें टाटा रुग्णालय गांठलें. (हें रुग्णालय १९४१ सालीं उघडलें.) पूर्वीं अशा रोगांत सबंध खोबण रिकामी करीत, पुढें औषधें व किरणोपचार यांच्या जोडीनें डोळा बहुधा राखतां येऊं लागला. त्या मुलाचाही राहिला, दृष्टि मात्र मंदावली. आज तो बाजारांत दुकान चालवितो. ‘गुरुजी’ म्हणून हांक मारतो, आणि मी आधीं त्याच्या डोळ्याकडे पाहतों.