निवासी डॉक्टरांचा कार्यभार : तास आणि काम

वैद्यकीय व्यवसायातील कार्यभाराची चर्चा बहुधा तासांच्या हिशेबाने केली जाते. आपण उमेदवारीच्या काळात सलग ३६ तास उभे होतो, असे जुन्या पिढीतील डॉक्टर सांगतात. तेवढे तास कोणाही माणसाकडून काम घेणे गैर आहे, असे नव्या पिढीचे म्हणणे असते. मतभेद कितीही तीव्र असला, तरी तास हेच कार्यभाराचे माप होय, हे उभय पक्षांना मान्य असते. हे गृहीतक कितपत टिकते, हे पाहण्यास अमेरिकेतील निवासी डॉक्टरांच्या पद्धतीचा इतिहास विशेष उपयोगी आहे; कारण तेथे तासांविषयी नियम झाले, ते बदलले गेले आणि त्यांचे परिणाम मोजलेही गेले.

या पद्धतीचा उगम बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आहे. हे रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले आणि विल्यम ऑस्लर व विल्यम हॉल्स्टेड यांनी जर्मन विद्यापीठांतील चिकित्सालयांच्या धर्तीवर तेथे उमेदवार डॉक्टरांची उतरंड उभी केली. ‘निवासी’ हा शब्द त्या काळी अक्षरशः खरा होता. उमेदवार रुग्णालयातच राहत व जेवत. त्यांनी अविवाहित असावे, अशी अपेक्षा असे. वेतन नाममात्र असे किंवा नसेच. हॉल्स्टेडच्या सुमारे ३३ वर्षांच्या कारकीर्दीत अवघे १७ जण मुख्य निवासी शल्यवैद्याच्या पदापर्यंत पोहोचले. अशा व्यवस्थेत तास मोजण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण उमेदवाराचा सगळाच दिवस रुग्णालयाच्या मालकीचा होता.

परंतु त्या दिवसात काम कोणते भरलेले होते, हे पाहिले पाहिजे. प्रतिजैविके अद्याप अवतरली नव्हती. विषमज्वराचा वा न्यूमोनियाचा रुग्ण कित्येक दिवस, प्रसंगी आठवडेच्या आठवडे, खाटेवर पडून असे. त्याचे निरीक्षण करणे, नोंद ठेवणे आणि शुश्रूषा नीट होते की नाही हे पाहणे, यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नसे. कामाचा काळ दीर्घ होता, पण काम विरळ होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र पालटले. पेनिसिलिन, कृत्रिम श्वसनयंत्रे, अतिदक्षता विभाग आणि प्रयोगशाळेतील वाढत्या तपासण्या यांमुळे प्रत्येक रुग्णामागे घ्यावयाच्या निर्णयांची संख्या वाढली. त्यानंतर १९८३ मध्ये ‘मेडिकेअर’ या वृद्धांसाठीच्या शासकीय विमायोजनेने रुग्णालयांना प्रत्यक्ष खर्चाच्या हिशेबाने पैसे देण्याऐवजी रोगनिदानानुसार ठरावीक रक्कम देण्यास आरंभ केला. रुग्णाला लवकर घरी पाठविण्यात रुग्णालयाचे हित निर्माण झाले. निवासी डॉक्टरांच्या दृष्टीने या आर्थिक सुधारणेचा अर्थ निराळा होता. रुग्णाच्या दाखल्याचा दिवस आणि त्यानंतरचे एकदोन दिवस हे सर्वांत कष्टाचे असतात. बरा होत आलेला रुग्ण डॉक्टरांचा वेळ फारसा घेत नाही. आता हा दुसऱ्या प्रकारचा रुग्ण वॉर्डातून नाहीसा होऊ लागला आणि त्याच खाटेवर नवा, अधिक आजारी रुग्ण येऊ लागला. ड्यूटीचा तक्ता जुनाच राहिला. त्यातील प्रत्येक तास मात्र भरगच्च झाला.

असंतोष याआधीच प्रकट होऊ लागला होता. झोप न मिळालेल्या उमेदवार डॉक्टरांकडून हृदयालेख वाचताना अधिक चुका होतात, असे १९७१ मध्ये एका लहानशा अभ्यासात दिसून आले. १९७५ मध्ये न्यूयॉर्कमधील निवासी डॉक्टरांनी कामाच्या तासांसाठी संप केला. परंतु शासन हलले ते १९८४ मधील एका मृत्यूमुळे. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात १८ वर्षांची तरुणी दाखल झाल्यावर काही तासांतच मरण पावली. तिच्यावर उपचार करणाऱ्या उमेदवार डॉक्टरांकडे त्या रात्री इतरही अनेक रुग्ण होते. चौकशीनंतर बर्ट्रंड बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि १९८९ पासून त्या राज्यात आठवड्याला ८० तास व सलग २४ तास अशी मर्यादा आली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, वरिष्ठांची देखरेख हा तासांहून महत्त्वाचा प्रश्न आहे, असे खुद्द बेल यांनीच पुढे आग्रहाने मांडले. नियम मात्र तासांच्या नावाने ओळखला गेला.

२००३ मध्ये ८० तासांची मर्यादा देशभर लागू झाली. प्रथम वर्षाच्या निवासी डॉक्टरांसाठी २०११ मध्ये सलग १६ तासांची मर्यादा आली आणि २०१७ मध्ये ती मागे घेण्यात आली. या फेरबदलामागे परस्परविरोधी वाटणारे पुरावे होते. २००४ मध्ये बॉस्टन येथील अतिदक्षता विभागांच्या अभ्यासात, दीर्घ पाळ्यांच्या जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका ३६ टक्क्यांनी अधिक आढळल्या. उलट पुढील मोठ्या चाचण्यांत पाळ्यांची लांबी बदलल्याने मृत्युसंख्येत लक्षणीय फरक पडला नाही. या विसंगतीचा उलगडा काही अंशी २०२० मध्ये झाला. बालकांच्या सहा अतिदक्षता विभागांत २४ तासांच्या पाळ्या काढून टाकल्या असता चुका कमी होण्याऐवजी वाढल्या. मात्र त्याच वेळी प्रत्येक निवासी डॉक्टरामागील रुग्णांची सरासरी ६.७ वरून ८.८ वर गेलेली होती. रुग्णसंख्येतील हा फरक हिशेबात घेताच चुकांमधील वाढीचा नव्या वेळापत्रकाशी संबंध उरला नाही. तास कमी झाले होते, पण कार्यभार वाढला होता.

भारतात १९९२ च्या निवासी योजनेनुसार सलग १२ तास व आठवड्याला ४८ तास असे प्रमाण सांगितले गेले. २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत त्याऐवजी ‘वाजवी’ तास असा शब्दप्रयोग आला, आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने आठवड्याला ७४ तासांची शिफारस केली. मुंबईच्या महापालिका रुग्णालयांत खाटा भरल्यानंतर जमिनीवर गाद्या घालून रुग्ण ठेवावे लागतात, हे तेथे शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. आलेल्या रुग्णास परत न पाठविणे हे या रुग्णालयांचे भूषण होय. परंतु त्यामुळे खाटांची संख्या आणि रुग्णांची संख्या यांचा मेळ राहत नाही, व ती तफावत निवासी डॉक्टरांच्या अंगावर पडते.

यावरून दोन्ही पिढ्यांच्या दाव्यांचा विचार नव्याने करावा लागतो. पूर्वीच्यांचे कष्ट खोटे नव्हते, पण त्यांचे ३६ तास आणि आजचे ३६ तास या एक जातीच्या राशी नव्हेत. त्याचप्रमाणे, केवळ तासांना मर्यादा घालणारा नियम आवश्यक असला तरी अपुरा ठरतो; कारण एका डॉक्टरामागे किती रुग्ण, याचे उत्तर दिल्यावाचून कमी केलेला प्रत्येक तास उरलेल्या तासांवर लादला जातो.