पाणी एकराला की माणशी?

दुष्काळातली मदत म्हटली की धान्याची पोती आणि सुकडीचे वाटप डोळ्यांपुढे येते. १९७२ च्या दुष्काळात तेही झाले, आणि ते हवेच होते. पण पाऊस पडला की वाटप थांबते, आणि पुढचा दुष्काळ त्याच माणसाला पुन्हा तिथेच गाठतो.

त्या दुष्काळात पुण्याचे अभियंते व कारखानदार विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातले शेतकरी कामावर खडी फोडताना पाहिले. मग नायगावला त्यांनी देवस्थानची चाळीस एकर उताराची, उजाड जमीन खंडाने घेतली. बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याखाली विहीर खणली आणि तिचे पाणी पुन्हा वर चढवले. माळ पिकला. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था निघाली.

इथवर फारसे नवल नाही. पैसा ओतला की माळही पिकतो. खरी गोष्ट पुढेच आहे. पाणी आलं की गावात पहिला तंटा वाटपाचा! एरवी ज्याची जमीन जास्त त्याचं पाणी जास्त, आणि त्यानं ऊस लावला की शेजाऱ्याला थेंब उरत नाही. संस्थेच्या 'पाणी पंचायती'ने हा हिशेबच उलटा मांडला. पाणी माणशी द्यायचे, अर्ध्या एकरापुरते. पाच जणांच्या घराला फार तर अडीच एकर, मग त्याची जमीन वीस एकर का असेना! भूमिहीनालाही हक्काचे पाणी. त्याने दुसऱ्याचे रान वाट्याने करावे. ऊस बंद. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यामागे जात नाही. आणि पाळी सांभाळायला पंचायतीचाच पाटकरी.

योजनेचा निम्मा खर्च सरकारी अनुदानातून, तीस टक्के संस्थेचे बिनव्याजी कर्ज आणि वीस टक्के शेतकऱ्यांनी स्वतः भरायचे. गरिबाकडून पैसे घेता, ही कसली सेवा, असे कोणी विचारील. मला तर या वीस टक्क्यांतच संस्थेचे शहाणपण दिसते. फुकटचा पंप बिघडला की माणूस देणाऱ्याची वाट बघत बसतो.

विलासराव २००२ साली वारले. त्यांच्या हयातीत पुरंदरातल्या अनेक उपसा योजना या नियमांवर चालल्या. साऱ्या राज्याचा नियम मात्र तो झाला नाही. माणशी पाणी म्हटले की वीस एकरवाल्याच्या उसावरच गदा येते, आणि तो काही गप्प बसत नाही.