सिटिझन्स बँड आणि हौशी रेडिओ : शेजारील केंद्रांमधील व्यत्ययनिवारणाचा अमेरिकेतील इतिहास (१९५८–१९८३)

सप्टेंबर १९५८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने हौशी रेडिओ केंद्रांकडील ११ मीटरचा पट्टा काढून घेतला आणि तो सर्वसामान्य नागरिकांच्या अल्प पल्ल्याच्या संभाषणासाठी खुला केला. हाच सिटिझन्स बँड किंवा सीबी होय. दुसऱ्या महायुद्धानंतर हौशींना मिळालेला हा पट्टा वैद्यकीय व औद्योगिक उपकरणांच्या गोंगाटाने आधीच ग्रासलेला होता. त्यामुळे तो फार मोलाचा होता असे म्हणता येत नाही. परंतु या हस्तांतरणाने दोन अगदी भिन्न वर्ग एकमेकांचे शेजारी झाले. हौशी केंद्रचालकास तांत्रिक परीक्षा आणि मोर्स संकेतांची चाचणी द्यावी लागे. सीबीधारकास अर्ज व शुल्क पुरेसे होते.

व्यत्ययाच्या तक्रारी प्रथम दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसू लागल्या. २७ मेगाहर्ट्झची दुप्पट म्हणजे ५४ मेगाहर्ट्झ, आणि अमेरिकेत त्या काळी दूरचित्रवाणीची २ क्रमांकाची वाहिनी ५४ ते ६० मेगाहर्ट्झमध्ये होती. प्रक्षेपकातून मूळ लहरीसोबत तिच्या पटीतील लहरी निसटल्या की शेजाऱ्याच्या पडद्यावर आडवेतिडवे पट्टे उमटत. प्रक्षेपक व अँटेना यांच्यामध्ये लो-पास फिल्टर बसविणे हा यावरील उपाय हौशींना १९५० च्या दशकापासूनच परिचित होता. अनेक ठिकाणच्या हौशी मंडळांनी तक्रारींच्या निवारणासाठी स्थानिक समित्याही नेमल्या होत्या.

मात्र सीबी केंद्र आणि हौशी केंद्र शेजारी असतील तेव्हा हाच फिल्टर निरुपयोगी ठरे, ही बाब त्या काळच्या वादंगात पुरेशी लक्षात घेतली गेली नाही. १९७७ पासून सीबीचा सर्वांत वरचा चॅनेल २७.४०५ मेगाहर्ट्झवर होता व हौशींचा १० मीटरचा पट्टा २८ मेगाहर्ट्झपासून सुरू होई. दोहोंमधील अंतर जेमतेम ०.६ मेगाहर्ट्झ. लो-पास फिल्टर या दोन्ही लहरींना सारख्याच मोकळेपणाने जाऊ देतो. शिवाय शेजाऱ्याची निर्दोष लहरसुद्धा पुरेशी प्रबळ असेल, तर रिसीव्हरचा पहिला टप्पा तिच्या भाराखाली बधिर होतो. अशा वेळी दोष कोणाचाच नसतो. दोष असलाच तर जवळीकीचा. अँटेना एकमेकींपासून दूर नेणे, एक उभी व दुसरी आडवी ठेवणे, रिसीव्हरच्या प्रवेशाशी संकेत क्षीण करणे आणि वेळा वाटून घेणे, एवढेच मार्ग उरत. यांपैकी शेवटचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, मालमोटारींच्या चालकांनी सीबीचा आश्रय घेतला व पाठोपाठ साऱ्या देशाला त्याचे वेड लागले. कायद्याने सीबीची शक्ती ४ वॅट होती. परंतु अनेकांनी बेकायदा प्रवर्धक जोडले. ४ वॅटचे १००० वॅट झाले तर संकेत २४ डेसिबलने वाढतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केल्यास तो फक्त ६ डेसिबलने घटतो. म्हणजे ३० मीटरवरील शेजाऱ्याला पूर्वीइतकाच त्रास व्हावा यासाठी त्याने पावणेपाचशे मीटर दूर जावे लागे. घरे अशी हलत नाहीत.

कमिशनने १ जानेवारी १९७७ पासून चॅनेल २३ वरून ४० केले आणि नव्या संचांतील नको असलेल्या लहरींवर अधिक कडक मर्यादा घातल्या. १९७८ मध्ये २४ ते ३५ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्रवर्धकांच्या निर्मितीवर व विक्रीवर बंदी आली. या बंदीचा फटका परवानाधारक हौशींना बसला, कारण त्यांचा १० मीटरचा पट्टा त्याच मर्यादेत येत होता. कारखान्यातून येणारे प्रवर्धक त्या पट्ट्यावर चालत नसत. हौशीला ते स्वतः बदलून घ्यावे लागत. नियम मोडणाऱ्यांसाठी केलेला नियम पाळणाऱ्यांना अधिक जाचला. हौशींपुरती ही अडचण २००६ मध्ये दूर झाली.

१९८२ च्या कम्युनिकेशन्स अमेंडमेंट्स ॲक्टने प्रश्नाची दुसरी बाजू मान्य केली. या कायद्यामागे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर होते आणि ते स्वतः हौशी केंद्रचालक होते. घरगुती विद्युत उपकरणांनी व्यत्यय किती सोसावा याचे मानक ठरविण्याचा अधिकार कमिशनला मिळाला. यापूर्वी सारी जबाबदारी प्रक्षेपकावर ढकलली जाई. कमिशनने या अधिकाराचा वापर न करता उत्पादकांच्या स्वेच्छेवर भर दिला, हे मात्र नोंदविले पाहिजे.

याच कायद्याच्या आधारे १९८३ मध्ये सीबीसाठी वैयक्तिक परवान्याची अट रद्द झाली. अर्जांच्या ढिगाऱ्यातून कमिशनची सुटका झाली. पण सीबीधारकाचे बोधचिन्ह आणि त्याच्या पत्त्याची नोंदही त्याबरोबर गेली. आता १० मीटरवर खरखर ऐकू आली, तर हौशी केंद्रचालकाने गल्लीत फिरून छपरांवरील उभ्या अँटेना शोधाव्यात आणि त्या घराचे दार ठोठवावे.